सल्ला फुकट, भाकरी कुणाची?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या मावशींनी घराचे वायरिंग नवे करायचे ठरवले. मावशी महापालिकेच्या सफाई खात्यात तीस वर्षे झाडू मारून निवृत्त झालेल्या. घर दोन खोल्यांचे, भिंती जुन्या आणि वायरी त्याहून जुन्या. पावसाळ्यात स्विचच्या बोर्डाला हात लावायचा तर आधी पायात स्लीपर चढवायची. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गल्लीच्या टोकाला एका घरात कूलरच्या पत्र्यात करंट उतरला आणि शाळकरी मुलगी फेकली गेली. पोरगी वाचली, पण त्या दिवसापासून मावशींची झोप उडाली. नातवंडे घरात खेळतात, भिंतीला हात लावतात. त्या आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, पेन्शनीतनं बारा हजार बाजूला टाकल्यात. तुमी बरोबर चला. चार अक्षरं वाचणारा माणूस बरोबर असावा."

वाचणारे आम्ही, पण समजणारा दुसराच होता. आमच्या वस्तीतला वायरमन पोरगा. औंधच्या आय.टी.आय.मधून इलेक्ट्रिशियन झालेला. कुणाचा पंखा बंद पडला, कुणाच्या घरी फ्यूज उडाला, की रात्री अकरा वाजताही लोक त्याचेच दार वाजवतात. कुठला पंखा घ्यावा, कुठला मिक्सर टिकेल, हे त्याला विचारल्याशिवाय आमच्या वस्तीत कुणी खरेदीला जात नाही. आणि त्याने त्या सल्ल्याचा कधी एक पैसा घेतलेला आम्हाला ठाऊक नाही.

तर असे आम्ही तिघे मंगळवार पेठेतून चालत बुधवार पेठेत आलो. तापकीर गल्ली ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. विजेच्या सामानाचा अख्ख्या पुण्याचा बाजार त्या गल्लीत. दोन्ही बाजूंना दुकाने, दुकानांपुढे हातगाड्या, वायरीच्या बंडलांच्या थप्प्या, माळा, बल्ब, रिमोट, स्पीकर. माणसाला माणूस घासून चाललेला.

आमचा पोरगा एका दुकानात शिरला आणि त्याने थेट एका कंपनीचे नाव घेतले. दीडची दोन बंडले, अडीचचे एक. स्विच, बोर्ड, पट्ट्या. दुकानदाराने कागदावर आकडे मांडले. मग आम्ही विचारले, "आणि ती ई.एल.सी.बी.?" ज्या वाचकांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : करंट गळायला लागला, माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाऊ लागला, की निमिषात लाईन तोडणारी ही डबी. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घेतात. कूलरच्या त्या घरात ती असती तर पोरगी फेकली गेली नसती. डबीची किंमत धरली तर हिशेब बारा हजारांच्या वर जाऊ लागला. पोरगा म्हणाला, "ती नंतर बसवू, काका. आधी वायर चांगली पाहिजे. वायरीत तडजोड नको."

मावशी इतका वेळ गप्प उभ्या होत्या. पोराच्या पाठीला एक कोरी करकरीत पिशवी होती. तिच्यावर त्याच वायरीच्या कंपनीचे नाव ठळक छापलेले. मावशींना वाचता येत नाही; पण बंडलावरचे चित्र आणि पिशवीवरचे चित्र एकच आहे एवढे त्यांना दिसले. त्या म्हणाल्या, "बाळा, येक इचारू? ह्ये तू सांगतूस, का तुझ्या पाठीवरची पिशवी सांगती?"

दुकानदार बिलबुकात तोंड घालून हसला. पोरगा लालबुंद झाला.

मग कोपऱ्यावर चहा घेताना त्याने सगळे सांगितले. प्रत्येक बंडलात एक चिठ्ठी निघते. मोबाईलवर तिचा फोटो काढला की त्याच्या नावावर पॉइंट जमा होतात. थोडेसे पॉइंट जमले की त्याच्या आईसाठी मिक्सर येणार होता. आदल्या दिवाळीच्या सुमारास कंपनीने वायरमन लोकांचा मेळावा घेतला होता. हॉटेलात जेवण, टी-शर्ट, ही पिशवी, आणि चौकटीत बसवलेले प्रशस्तिपत्र. कंपनीच्या साहेबाने त्याचा हात हातात घेतला आणि त्याला 'सर' म्हटले. पोरगा खाली बघून म्हणाला, "काका, आजवर मला कुणी सर म्हटलं नव्हतं."

वाचकहो, हे वाक्य आमच्या मनातून अजून जात नाही.

पोरगा लबाड नव्हता. वायरही खोटी नव्हती. तिच्यावर आय.एस.आय.चा शिक्का होता. पण तोच शिक्का असलेली दुसऱ्या कंपनीची वायर शेजारच्याच फळीवर स्वस्त होती. आणि ज्या डबीने नातवंडांचा जीव वाचायचा, तिच्यात चिठ्ठी नव्हती. पोराच्या तोंडून एकही खोटा शब्द निघाला नाही. फक्त एक गोष्ट पुढे सरकली आणि एक गोष्ट मागे राहिली. कंपनीला तेवढेच पुरते.

कंपनीने असे का करावे? कारण तिला एक गोष्ट नीट कळलेली आहे. पगारी सेल्समन आला की आपण सावध होतो. टीव्हीवरची जाहिरात लागली की आपण चॅनेल बदलतो. पण शेजारचा जाणता माणूस, ज्याला आपल्याकडून काही नको आहे, त्याचा शब्द आपण खाली पडू देत नाही. तेव्हा सेल्समनवर खर्च करण्यापेक्षा या जाणत्या माणसावर थोडा खर्च केलेला परवडतो. रंगाच्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन निघते हे आपल्यातल्या रंगकाम करणाऱ्या भावांना ठाऊक आहे. प्लायवूडवाल्यांच्या सुतारांसाठी तशाच योजना असतात. तापकीर गल्लीतून चार पावले अप्पा बळवंत चौकात जा. तिथे आईबाप हातात चिठ्ठी घेऊन उभे असतात : "सरांनी हेच गाईड सांगितलंय." सरांनी ते का सांगितले, हे कुणी विचारत नाही.

डॉक्टरांचे तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. औषध कंपन्या डॉक्टरांना ज्या भेटी देत त्यांचा खर्च दाखवून आयकरात सूट मागत होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने ती सूट नाकारली. अशा भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत चढतो आणि रुग्णाच्या खिशातून जातो, हे न्यायालयाने स्पष्ट केले. वायरीचेही तसेच. आईचा मिक्सर कंपनी देत नव्हती. तो मावशींच्या पेन्शनीतून येणार होता, फक्त मधल्या मधे नाव कंपनीचे लागणार होते.

ही गोष्ट बुधवार पेठेपुरती आहे असे कुणी समजू नये. जगातल्या मोठ्या कंपन्यांचीही हीच रीत आहे. मायक्रोसॉफ्टचे उदाहरण घ्या. तिच्या संगणकाच्या मालाविषयी गिऱ्हाइके प्रश्न विचारत, आणि त्यांना उत्तरे देणारे काही जाणकार असत. ते कंपनीचे नोकर नव्हते. दिवसभर आपली नोकरी करून रात्री ते अनोळखी माणसांच्या अडचणी सोडवत. १९९३ पासून कंपनीने अशा लोकांना 'मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल' म्हणजे अतिमोलाचे जाणकार अशी पदवी द्यायला सुरुवात केली. पदवी एका वर्षाची. वर्ष संपले की कंपनी पुन्हा ठरवणार, द्यायची की नाही. पदवीबरोबर कंपनीचा माल फुकट वापरायला मिळतो, आणि बाहेर न बोलण्याच्या करारावर आतल्या बातम्याही कळतात.

यातल्या अनेकांनी कंपनीवर उघड टीका केलेली आहे. त्यामुळे ते विकले गेले असे आम्ही म्हणणार नाही. पण वर्षाच्या अखेरीला पदवी राहते की जाते याची वाट पाहणाऱ्या माणसाची जीभ थोडी जड होत नसेल काय? विकत घेतलेल्या माणसापेक्षा हा प्रकार ओळखायला अवघड. त्याने पैसे घेतलेले नसतात. त्याला फक्त मान गमवायचा नसतो.

या गोष्टीची दुसरी बाजू तर आपल्या कामगार वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. अमेरिका ऑनलाइन नावाची मोठी कंपनी होती. तिथे हजारो माणसे 'स्वयंसेवक' म्हणून राबत. नव्या गिऱ्हाइकांना मदत करत, लोकांच्या गप्पांवर देखरेख ठेवत. तास ठरलेले, अहवाल ठरलेले. मोबदला म्हणजे कंपनीची सेवा फुकटात किंवा सवलतीत. १९९९ मध्ये या माणसांनी कोर्टात दावा लावला : आम्ही स्वयंसेवक नव्हतो, कामगार होतो, आमची किमान मजुरी द्या. अकरा वर्षांनी, २०१० मध्ये, दीड कोटी डॉलर देऊन तो दावा मिटला. दावा लागला त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, मायक्रोसॉफ्टनेही आपली पदवीची योजना बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यावर लोकांनी इतकी पत्रे पाठवली की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला.

म्हणजे पाहा. एका कंपनीचे फुकट राबणारे लोक मजुरी मागायला कोर्टात गेले, आणि दुसऱ्या कंपनीचे लोक फुकट राबण्याचा मान गेला म्हणून रडले. दोघांचे काम जवळजवळ तेच.

मानाचे काम आणि फुकटची राबणूक यांची गाठ आपल्या लोकांना नवी नाही. गावात शिवेचा तंटा उभा राहिला की शीव कुठून जाते हे कोण सांगत असे? महार. त्याची साक्ष शेवटची मानली जाई. गावाच्या हद्दीचा, झाडाचा, दगडाचा खरा जाणकार तोच. पण या जाणकाराची भाकर कुणाच्या हातात होती? गावाच्या. बलुते मिळाले तर चूल पेटायची. सरकारची कामे, पाटलाची कामे, गावाची कामे रात्रंदिवस, आणि मोबदला म्हणून इनामाचा तुकडा आणि दारोदार मागायचे बलुते. वर म्हणायचे, हे तर तुमचे मानाचे वतन! बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे बिल आणले, त्यात बलुत्याच्या जागी रोख मोबदल्याची आणि या बंधनातून मोकळे होण्याची वाट होती. वतन हा मान नसून बेडी आहे, हे त्यांनी लोकांना परोपरीने सांगितले. पुष्कळांना तेव्हा ते पटले नाही, कारण वतन सोडणे म्हणजे मान सोडणे वाटत होते. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली.

आम्ही वायरमनच्या पिशवीची आणि वतनाची बरोबरी करत नाही. वतनामागे जातीची सक्ती होती. पिशवी पोराने हौसेने घेतली. पण सूत्र एकच आहे. ज्याच्या जाणतेपणावर चार लोक विसंबतात, त्याची भाकर आणि त्याचा मान ज्याच्या हातात, त्याच्याकडे साक्ष झुकण्याचा धोका राहतोच.

मग यावर उपाय आहे की नाही? आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्रातच पाहायला मिळतो. वायर घरात बसली तरी तिच्यात वीज कंपनीचीच येणार, आणि त्या विजेचा दर ठरतो तिथेही गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलणारा जाणकार लागतो. दरवाढीचा प्रस्ताव शेकडो पानांचा असतो. आकडे, तक्ते, तोटे. आपल्यापैकी कोण वाचणार? कंपनीकडे पगारी इंजिनियर, पगारी वकील. आपल्याकडे विजेचे बिल आणि संताप.

१९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि दर ठरवण्यापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकण्याची रीत पडली. पुण्यातल्या अशा सुनावण्या कौन्सिल हॉलमध्ये झालेल्या आहेत. तिथे साधा ग्राहकही उभा राहून बोलू शकतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट २००३ च्या वीज कायद्याच्या ९४ व्या कलमात आहे. ग्राहकांच्या वतीने बोलायला आयोग कुणालाही अधिकार देऊ शकतो. त्याप्रमाणे आयोगाने पुण्याची 'प्रयास', मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्थांना ग्राहक प्रतिनिधी नेमले. इथे बारकाईने पाहा. हे प्रतिनिधी वीज कंपनीच्या प्रस्तावावर बोलतात, कंपनीच्या साहेबांसमोर बोलतात. पण त्यांची खुर्ची कंपनीने दिलेली नाही. त्यांचे बोलणे आवडले नाही म्हणून कंपनी पुढच्या वर्षी त्यांचे बोलावणे बंद करू शकत नाही.

असा जाणकार नसला तर काय होते, ते महाराष्ट्राने एन्रॉनच्या वेळी भोगले आहे. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने दाभोळच्या विजेचा करार केला. या कराराची तयारी चालू असताना कंपनीने भारतातल्या लोकांच्या 'शिक्षणावर' आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले, असे कंपनीच्याच अधिकारी बाईंनी १९९५ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे सांगितले. कंपनी शिकवते तेव्हा असा हात सैल सोडते! त्याच काळात पुण्यात 'प्रयास'चे गिरीश संत आणि त्यांचे सहकारी हा करार आकडे मांडून तपासत होते. वीज घ्या किंवा न घ्या, ठराविक रक्कम द्यावीच लागणार, आणि डॉलर चढला की दरही चढणार, हे लोकांना कळेल अशा भाषेत सांगणाऱ्यांत ते पुढे होते. पुढे काय झाले ते सर्वांनी पाहिले. मे २००१ मध्ये न परवडणारी ती वीज घेणे मंडळाने थांबवले, आणि डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन कंपनीचेच दिवाळे निघाले. दोन कोटी डॉलरचे शिक्षण एकीकडे, आणि कंपनीकडून काहीही यायचे नसलेल्या माणसांचा हिशेब दुसरीकडे. खरा कुठला ठरला?

वीज कायद्यातच याची उलट बाजूही आहे. बिलाची तक्रार ऐकायला प्रत्येक वीज कंपनीने तक्रार निवारण मंच स्थापन करावा, असे ४२ वे कलम सांगते. मंच कंपनीनेच स्थापायचा आणि कंपनीचीच तक्रार तिथे करायची! तेव्हा कायदा करणाऱ्यांनाही शंका आली असावी. म्हणून मंचाचे नियम आयोगाने घालून द्यायचे, आणि मंचाचा निकाल पटला नाही तर वर विद्युत लोकपालाकडे जायचे, अशी सोय केली. लोकपाल आयोग नेमतो, कंपनी नाही. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर इथे त्यांची कार्यालये आहेत. ज्यांना चुकीचे बिल आले आहे त्यांनी मंचापाशीच हात टेकू नयेत, हे यानिमित्ताने सांगून ठेवतो.

आणखी एक दाखला मुंबई ग्राहक पंचायतीचा. १९७५ पासून ही संस्था चालते. सभासद कुटुंबे एकत्र येतात, आपले पैसे गोळा करतात आणि घरात लागणारा माल थेट घाऊक विकत आणून वाटून घेतात. काम कार्यकर्ते करतात. तांदूळ बरा की वाईट हे सांगणाऱ्याच्या मागे तांदळाचा व्यापारी उभा नाही, ज्यांना तो खायचा आहे ती माणसे उभी आहेत. म्हणून त्याला "हा घेऊ नका" असे बिनघोर म्हणता येते.

आता आमचा मुद्दा सांगतो. फुकटचा सल्ला असा जगात नसतोच. सल्ला देणारा माणूस शिकलेला असतो, त्याचा वेळ जातो, त्याला घर असते, आई असते. त्या सल्ल्याचे पैसे कुणीतरी देतेच. आपण दिले नाहीत, तर कंपनी देते. आणि पैसे देणाऱ्याच्या बाजूला सल्ला थोडा तरी झुकतो.

दहा वर्षे आमची वस्ती त्या पोराला रात्री-अपरात्री उठवत होती. "जरा बघ ना रे" म्हणायचे, चहाचा कप पुढे करायचा, झाले. त्याला मजुरी कुणी विचारली नाही आणि 'सर' कुणी म्हटले नाही. यात आम्हीही आलो. कंपनीने त्याला जे दिले ते आपण द्यायला हवे होते. पोराची पिशवी दिसली तेव्हा आम्हाला त्याचा राग आला. घरी आल्यावर आमचीच आम्हाला लाज वाटली.

कायदाही आता या बाबतीत काही बोलू लागला आहे. ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा २०१९ चा; तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखालच्या केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये नियम काढले : मालाची शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी पैशाचा किंवा दुसरा असा काही संबंध असेल, की जो कळला तर ऐकणाऱ्याचा विश्वास डळमळेल, तर तो संबंध उघड सांगितलाच पाहिजे. फसव्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. हे नियम जाहिरातीसाठी आहेत. वस्तीतल्या वायरमनला कुणी त्याखाली कोर्टात ओढणार नाही, ओढूही नये. पण त्यातली रीत साधी आणि चांगली आहे : घेतले असेल तर आधी सांगा, मग शिफारस करा.

म्हणून खरेदीला जाताना जाणत्या माणसाला तीन गोष्टी विचाराव्यात, आणि त्या हसतमुखाने विचाराव्यात. पहिली : यात तुला काही मिळते काय? दुसरी : याच शिक्क्याची स्वस्त वस्तू कुठली? तिसरी : या कंपनीचे काय घेऊ नये? तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा. ज्याला "हे घेऊ नका" म्हणता येते तो अजून आपला माणूस आहे.

शिक्काही स्वतः पाहावा. आय.एस.आय. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, घरगुती पी.व्ही.सी. वायरीसाठी तो ६९४. चिन्हाच्या खाली कारखान्याच्या परवान्याचा क्रमांक असतो, आणि तो खरा की खोटा हे मानक ब्यूरोच्या मोबाईलवरच्या 'बी.आय.एस. केअर'मध्ये टाकून पाहता येते. पंखा घेताना तारे पाहावेत. २०२३ च्या जानेवारीपासून छताच्या पंख्यांवर ते सक्तीचे आहेत. शिक्क्याला आणि ताऱ्याला कुणी हॉटेलात जेवण घालत नाही. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला ग्राहक आयोगात फी लागत नाही. हे कागद आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी वाचून घरातल्यांना सांगावेत.

आता तापकीर गल्लीत परत येऊ. चहा संपला. पोरगा उठला, पुन्हा त्याच दुकानात गेला आणि म्हणाला, "शेट, ती दुसरी वायर दाखवा." तीन बंडले त्या स्वस्त वायरीची घेतली आणि उरलेल्या पैशांत ई.एल.सी.बी. आली. मावशींच्या पदरात वर दोनशे रुपये राहिले. चार दिवसांत वायरिंग झाले. मावशींनी मजुरी दिली, आणि वेगळ्या पाकिटात पाचशे रुपये घालून पोराच्या हातात ठेवले. तो घेईना. "मावशी, मजुरी दिली की." मावशी म्हणाल्या, "ती हाताची. ही डोस्क्याची. घे गुमान. न्हाईतर उद्या ती पिशवीवाली देतील."

जुलैत एका रात्री धो धो पाऊस लागला, मावशींची मागची भिंत पाझरली आणि घरातली लाईन खटकन गेली. डबी पडली होती. पोराने येऊन पाहिले, तर ओल थेट बोर्डात उतरलेली. नातू त्या भिंतीला टेकूनच झोपला होता.

तेव्हापासून पोराने एक रीत पाडली आहे. कुणी सल्ला विचारला की तो आधी सांगतो, "या कंपनीच्या बंडलात मला पॉइंट आहेत, हे ध्यानात ठेवून ऐका." वस्तीनेही ठरवले आहे की रात्री बोलावले तर पन्नास रुपये द्यायचे, चहा वेगळा. काही जण कुरकुरतात, पण देतात. लहान मुले आता त्याला 'सर' म्हणतात. आधी चेष्टेने म्हणत, हल्ली सवयीने.

यंदा दिवाळीला कंपनीच्या मेळाव्याचे बोलावणे त्याला आले नाही. आईचा मिक्सर अजून यायचा आहे. पन्नास-पन्नास रुपयांचा डबा त्याने फळीवर ठेवला आहे, आणि संक्रांतीपर्यंत तो भरेल असा त्याच्या आईचा हिशेब आहे.